चार वर्षं पुरेल असा कोट

गिरिजाबाई हिवरकरांनी आयुष्यात मापाची म्हणून एकही वस्तू घेतली नव्हती. मापाची वस्तू आज बसते आणि उद्या आखूड होते, मग ती घ्यायचीच कशाला, असा त्यांचा रोकडा सवाल होता. चपला घ्यायच्या त्या बोटभर पुढे राहतील अशा. स्वेटर विणायचा तो गुडघ्यापर्यंत. त्यांचा मुलगा जयदीप पहाडगंजच्या मराठी शाळेत पाचवीत गेला तेव्हा शिवलेली खाकी पँट त्याला आठवीत पहिल्यांदा मापात बसली, आणि बसली त्याच आठवड्यात फाटली. ही गोष्ट जयदीप चारचौघांत तक्रार म्हणून सांगे आणि गिरिजाबाई पुरावा म्हणून. "बघा! फाटेपर्यंत पुरली की नाही?"

तो जयदीप आता मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होता, मयूर विहारला सोसायटीत त्याचा फ्लॅट होता, पँटी चांगल्या दुकानातल्या होत्या. तरी चार पावलं चालला की दोन्ही हातांनी पँट वर ओढायची त्याची सवय काही गेली नव्हती.

तर अशा घरात निघालं की सृष्टीला नेमबाजीचा कोट हवा.

सृष्टी म्हणजे थोरली नात, वय तेरा. शाळेत छर्ऱ्याची रायफल चालवायला शिकत होती. बंदूक शाळेची, छर्रे शाळेचे, पण कोट ज्याचा त्याने आणायचा, असं तिचे कोच नीरज सर म्हणाले. हा कोट म्हणजे थंडीचा नव्हे. जाड कॅनव्हास आणि चामडं यांचा, पाटीसारखा ताठ. रायफल धरून उभं राहिल्यावर अंग हलू नये म्हणून घालायचा. आजवर सृष्टी शाळेचा कोट घालायची, ज्यात तिच्याआधी इतक्या मुलींनी घाम गाळला होता की तो खुंटीला टांगला तरी खुंटी बाजूला सरकेल असं वाटे.

"आई, ऑनलाइन मागवतो," जयदीप फोन पुढे करत म्हणाला. "रेटिंग बघ, साडेचार तारे."

"तारे आकाशात बघावेत. कापड फोनमधून हाताला लागतं का?"

"नाहीतर भाड्याने मिळतो म्हणे," सून वृंदा म्हणाली. "वाढतं वय आहे आई, सहा महिन्यांत लहान होईल."

"भाड्याने शालूही मिळतो. तू लग्नात घेतलास का?" गिरिजाबाईंनी पोळपाट बाजूला सारला. म्हणजे आता निकाल लागणार, हे घरात सगळ्यांना कळलं. "कोट मी घेणार. असा घेईन की हिला चार वर्षं पुरेल, आणि मग क्षिप्राला होईल."

"मला बॅडमिंटन खेळायचंय," नऊ वर्षांची क्षिप्रा तोंडातल्या घासासकट म्हणाली.

"तुला कोणी विचारलंय?"

एरवी पोरींच्या खेळात गिरिजाबाई पडत नसत. पण एकदा शाळेत पालकांना बोलावलं होतं, जयदीपला मीटिंग, वृंदाला ताप, म्हणून त्या गेल्या होत्या. सृष्टी तशी भित्री. पाहुण्यांपुढे चहाचा ट्रे आणला की कप दातांसारखे वाजायचे. गणिताच्या पेपरला हात इतके कापायचे की आकडेसुद्धा थंडी वाजल्यासारखे दिसायचे. आणि त्या दिवशी तीच पोर रायफल गालाला लावून उभी राहिली आणि हलेचना. पापणी नाही, बोट नाही. गिरिजाबाईंना वाटलं, हिचा श्वास तर बंद पडला नाही ना. आणि मग समोरच्या कागदावर टिकलीएवढ्या गोलात भोक पडलं. घरी येताना त्या रिक्षात काही बोलल्या नाहीत. चौथी शिकलेल्या बाईला कौतुक कुठल्या शब्दांत करावं हे सुचत नाही असं नाही, पण तोंडावर कौतुक केलं की पोरं बिघडतात. दिवाळीनंतर मॅच होती. त्यातून निवड झाली की राज्याच्या शिबिरात जायचं. तेव्हा कोट साधासुधा असून चालणार नव्हतं.

आता दिल्लीत वस्तू घ्यायची तर आधी सल्ले घ्यावे लागतात. न मागता मिळतात, म्हणून नाकारताही येत नाहीत.

वरच्या मजल्यावरचे भाटियाजी सोसायटीचे सेक्रेटरी. ते स्वतः एक कोट घेऊनच आले. "हमारे दादाजी शिकार खेलते थे, माताजी. ये उनका है. आजकल ऐसी चीज कहाँ मिलती है!"

गिरिजाबाईंनी कोट उजेडात धरला. फिनाइलच्या गोळ्यांचा वास दाराबाहेर जाऊन परत आला. कसरीने कोटाला इतकी भोकं पाडली होती की दादाजींनी शिकार केली होती की शिकारीने दादाजींची, हे सांगणं अवघड होतं.

"भाईसाब," गिरिजाबाईंनी भोकातून बोट बाहेर काढून विचारलं, "गोली अंदर से बाहर गई थी या बाहर से अंदर?"

भाटियाजी चहा अर्धा टाकून गेले.

समोरच्या ब्लॉकमधले अंबादासराव आले. हे पुराभिलेख खात्यातून निवृत्त झालेले. दर जानेवारीत बस भरून मराठी मंडळींना पानिपतला काला अंबच्या स्मारकावर घेऊन जात, आणि उरलेलं वर्ष कुठलाही विषय काढा, तिथेच घेऊन जात.

"वहिनी, पानिपतावर आपलं काय चुकलं? सामान! लवाजमा! म्हणून सांगतो, हलकं घ्या, मोजकं घ्या."

"अंबादासराव, तिथे थंडीत आपल्या माणसांच्या अंगावर धड कपडे नव्हते, हेही तुम्हीच सांगता. मी कपडाच घेतेय."

अडीचशे वर्षांहून जुन्या पराभवात अंबादासरावांनी आणखी एका पराभवाची भर घातली आणि ते शंकरपाळे खात बसले.

इथवर ठीक होतं. पण क्षिप्राने लिफ्टमध्ये कुणाला तरी सांगितलं, "दीदी की बंदूक का कोट आनेवाला है." लिफ्ट तळाला पोचेपर्यंत कोट गळून पडला आणि बंदूक उरली. संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भाटियाजींचा संदेश झळकला: सी ब्लॉकमध्ये हत्यार असल्याची चर्चा आहे, संबंधितांनी ऑफिसला यावे. संबंधित कोण हे लिहिलं नव्हतं, पण दूधवाल्यानेही दुसऱ्या दिवशी पिशवी दारात ठेवून बेल न वाजवता पळ काढला.

जयदीप म्हणाला, "आई, मी मेल करतो." गिरिजाबाईंनी पदर खोचला आणि त्या जिना उतरून सोसायटीच्या ऑफिसात गेल्या.

"माताजी, बुरा मत मानिए," भाटियाजी खुर्चीत रेलून म्हणाले. "थाने से लिखवाके ले आइए कि आपके घर में हथियार नहीं है. बस."

गिरिजाबाई पोलीस ठाण्यात गेल्या. तिथला मुन्शी दाढीला हात लावून विचारात पडला.

"माताजी, जिसके पास हथियार है, उसका कागज बनता है. जिसके पास नहीं है, उसका मैं क्या बनाऊँ? फिर तो पूरी दिल्ली लाइन लगा देगी."

दिल्लीत चाळीस वर्षं राहून सरकारी खुर्चीत बसलेला शहाणा माणूस त्यांना पहिल्यांदा भेटला. त्यांनी त्याला आशीर्वाद दिला, आणि त्या तिथून थेट सोसायटीच्या ऑफिसात आल्या. तिथे कमिटीची पाच माणसं चहा पीत होती, हे बरंच झालं.

"भाटियाजी, मैं लिखवाके लाती हूँ. पहले आप लिखवाके लाओ कि आपके घर में शेर नहीं है. दादाजी का मारा हुआ एकाध उठके खडा हो गया तो?"

कमिटीतल्या एकाच्या नाकातून चहा आला. रात्रीपर्यंत तो संदेश ग्रुपवरून गेला होता.

मग कोटाची खरी मोहीम सुरू झाली. यमुनेपलीकडे एका गल्लीत, दोन जिने उतरून तळघरात, सेठी नावाचा माणूस असे कोट मापाने शिवून देई. गिरिजाबाईंनी आधी कॅनव्हास चिमटीत धरला. कोपऱ्यावर थुंकी लावून रंग निघतो का बघितलं. चामडं हुंगलं. बकल दातांवर वाजवलं. सेठी हे सगळं तोंड उघडं टाकून बघत होता. सहा तागे नापास झाले, सातवा पास झाला, आणि सेठीच्या चेहऱ्यावर बोर्डाच्या परीक्षेत पोरगा सुटल्यासारखा आनंद पसरला.

"चार उँगल ढीला रखना," गिरिजाबाई म्हणाल्या.

"वो नहीं होगा, माताजी. ये कोट चमडी जैसा बैठता है. ढीला हुआ तो मॅच में चेकिंगवाले रोक देंगे."

"अच्छा, अच्छा. बिल्कुल नाप से बनाओ," असं गिरिजाबाई इतक्या गोडीत म्हणाल्या की त्यांना ओळखणारं कोणी तिथे असतं तर सावध झालं असतं.

माप द्यायच्या दिवशी त्यांनी सृष्टीला आतून दोन स्वेटर घातले. वर जयदीपचं जाड बिनबाह्यांचं जाकीट, त्यावर सैल टी-शर्ट. दसरा नुकताच झालेला. दिल्लीत दुपारी अजून पंखे फिरत होते.

"आजी, यार, सर म्हणाले की प्लेन टी-शर्टवर माप द्यायचं," सृष्टी घामाने निथळत कुजबुजली.

"सरांनी आयुष्यात किती कोट शिवलेत?"

"पण सर बोलले..."

"पोट आत घेऊ नकोस. सोड. आणखी सोड."

सेठीने टेप लावली, थबकला. "बिटिया की तबीयत ठीक है? बहुत गरम लग रही है."

"खानदानी है," गिरिजाबाई म्हणाल्या. "हमारे यहाँ सब गरम हैं."

कोट आला आणि दिवाणखान्यात आपला आपण उभा राहिला. इतका ताठ. सृष्टीने आत शिरून बटणं लावली. तिने मान डावीकडे वळवली. मान वळली, कोट समोरच बघत राहिला. तिने मान उजवीकडे केली. कोटाचं मत बदललं नाही. क्षिप्रा सोफ्यावरून हसून खाली पडली. जयदीपने दोन्ही हातांनी पँट वर ओढली.

सृष्टीचे डोळे भरले. "आजी, याच्यात मी आत हलते आणि हा बाहेर हलतो."

"रडायचं काही कारण नाही," गिरिजाबाई म्हणाल्या. "वाढत्या मापाचा कोट आज बसवायचा कसा, हे मला ठाऊक नाही असं वाटलं काय तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी पोरी शाळेत, मुलगा-सून ऑफिसात गेल्यावर त्यांनी कोटाचं अस्तर उसवलं. दोन्ही काखांखाली आणि पाठीला दोन, अशा चार रुंद चुण्या आत घेतल्या. शिलाई मशीनच्या सुया एकामागून एक मोडल्या, तेव्हा त्यांनी गादीला टाके घालायचं दाभण काढलं, दोऱ्याला मेण लावलं आणि हाताने शिवलं. आतली सगळी जादा कापडाची माया तशीच ठेवून वर अस्तर असं बेमालूम बसवलं की खुद्द सेठीलासुद्धा शोधून सापडू नये.

कोट सृष्टीला झाडाला साल बसते तसा बसला. नीरज सर बघून म्हणाले, "क्या फिटिंग है!" गिरिजाबाईंनी बेत जाहीर केला: दर दिवाळीला एक चूण उसवायची, कोट तेवढा मोठा. चार दिवाळ्या सृष्टीच्या. मग पुन्हा चुण्या घालून क्षिप्राला.

"वाह वहिनी!" अंबादासराव म्हणाले. "तुमच्यासारखं कोणी तेव्हा पानिपताला असतं तर!"

एवढं मोठं प्रशस्तिपत्र मिळाल्यावर ते ब्लॉकभर पोचवणं भाग होतं. गिरिजाबाईंनी ते पोचवलं. भाटियाजींच्या मिसेसना तर दोनदा सांगितलं, एकदा चुकून आणि एकदा मुद्दाम.

मॅच शहराच्या टोकाला असलेल्या नेमबाजीच्या रेंजवर होती. रविवारची सकाळ, धुकं, आणि शाली पांघरलेले पालक. गिरिजाबाई जयदीप, वृंदा आणि क्षिप्राला घेऊन हजर. इतर मुलींचे कोट बघून त्यांनी मनातल्या मनात निकालही लावला होता: याची शिलाई कच्ची, त्याचं चामडं नुसतं नावाचं.

आत जायच्या आधी एका टेबलावर कोट तपासत होते. विजयालक्ष्मी मॅडम नावाच्या बाई एका चिमट्यासारख्या यंत्रात कापड धरत आणि काटा बघत. कापड ठरल्यापेक्षा जाड असेल तर चालत नाही, कारण जाड कापड अंगाला जास्त आधार देतं. नेम माणसाने धरायचा, कपड्याने नव्हे.

सृष्टीच्या कोटाचा पुढचा भाग ठीक. बाही ठीक. मॅडमनी काखेखाली चिमटा लावला आणि काटा असा उडाला की जणू त्याला कुणी चिमटा काढला. त्यांनी दुसऱ्या बाजूला लावला. तिथेही तेच. पाठीला लावला.

"ये डबल क्यों है?" मॅडमनी अस्तराखालून बोट फिरवलं. "इसमें एक्स्ट्रा कपडा किसने डाला?"

आसपासच्या माना वळल्या. नीरज सरांचा चेहरा पांढरा पडला. "मॅडम, मुझे पता नहीं..."

"जानबूझके किया है तो मुझे रिपोर्ट करना पडेगा."

सृष्टीने आजीकडे बघितलं नाही. जमिनीकडे बघत हळूच म्हणाली, "दुकान से ऐसा ही आया था, मॅडम."

खोटं बोलायला न येणारी पोर आपल्यासाठी खोटं बोलली, हे गिरिजाबाईंना कळलं. गप्प राहायचं एवढंच काम होतं. सेठी तिथे नव्हता, भांडायला येणार नव्हता. आणि चारचौघांत, इतक्या शाली पांघरलेल्या लोकांपुढे, आपल्या हाताच्या शिलाईला चोरी म्हणवून घ्यायचं, हे गिरिजाबाईंच्या घराण्यात कोणी केलं नव्हतं.

"मैंने किया," त्या पुढे होऊन म्हणाल्या. "दुकानवाले ने तो मना किया था. बच्ची बढती है ना, इसलिए अंदर कपडा रख दिया. चार साल चलाना था."

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं. मग कोटाकडे. मग परत त्यांच्याकडे. "चार साल?"

"चार साल. फिर छोटी को."

"मला बॅडमिंटन," क्षिप्रा म्हणाली. वृंदाने तिच्या तोंडावर हात ठेवला.

मॅडमच्या ओठांचा कोपरा हलला, पण नियम हलला नाही. "आंटीजी, ये नहीं चलेगा. ठीक करके लाइए, टेबल बंद होने से पहले एक बार और देख लूँगी."

नीरज सरांनी गिरिजाबाईंना बाजूला घेतलं. टाके उसवले तर कोट ढगळ होणार. ढगळही चालत नाही, बटणांवर किती कापड यावं याचाही नियम. "सृष्टी, बिना कोट के खेल लेना. अलाउड है," ते म्हणाले, पण त्यांच्या आवाजात दम नव्हता.

सृष्टी मान हलवून हो म्हणाली. आणि गिरिजाबाईंनी तिचे हात बघितले. पाण्याची बाटली धरलेली होती, आणि बाटलीतलं पाणी चहाच्या ट्रेसारखं वाजत होतं.

"जयदीप, कात्री आण."

"आई, उसवायला ब्लेड..."

"उसवायचं नाहीये. कात्री."

टार्गेटचे कागद कापायची मोठी कात्री जयदीप रेंजच्या ऑफिसातून मागून घेऊन आला. गिरिजाबाई बाकावर बसल्या. अस्तराचा टाका ओढून काढला. आत त्यांची चूण होती, मेणाच्या दोऱ्याने घट्ट बांधलेली. पहिल्या दिवाळीची.

"आई, विचार कर," वृंदा हळूच म्हणाली. "कापलं की परत मोठा नाही करता येणार."

"कळतं मला. चौथी शिकलेय, दुसरी नव्हे."

त्यांनी शिलाईपासून अर्धं बोट सोडून कात्री लावली. कॅनव्हास सहजी कापला जाईना. करकरत, अडत, अंगठ्याला फोड आणत कात्री पुढे सरकली आणि पहिली पट्टी त्यांच्या मांडीवर पडली. मग दुसरी. आयुष्यात पहिल्यांदा त्या चांगल्या कापडावर कात्री चालवत होत्या, आणि तेही मापात आणायला. जयदीप इतक्या गंभीर चेहऱ्याने पट्ट्या गोळा करत होता की जणू कुणाच्या अस्थी. चौथी पट्टी पडली. त्यांनी अस्तराला मोठे मोठे टाके घातले, दोरा दातांनी तोडला आणि कोट नातीच्या अंगावर चढवला.

"बघ."

सृष्टीने मान वळवली. खांदा उचलला. कोट तिच्याबरोबर वळला.

मॅडमनी चिमटा लावला. काखेखाली, पाठीला, पुन्हा काखेखाली. काटा जागेवर राहिला. कोटाला चिठ्ठी लावत त्या म्हणाल्या, "आंटीजी, अब ये कभी बडा नहीं होगा."

"मालूम है," गिरिजाबाई म्हणाल्या. त्यांना अंगठा झोंबत होता.

काचेमागून त्यांना सृष्टीची पाठ दिसत होती. मुली ओळीने उभ्या. पहिल्या छर्ऱ्याला सृष्टीने इतका वेळ घेतला की जयदीपने घड्याळ बघितलं, वृंदाने डोळे मिटले. गिरिजाबाई मात्र कोटाकडेच बघत होत्या. कुठे ताणतोय का, कुठे सुटतोय का. काही नव्हतं. शिलाई पोरीच्या अंगाला धरून होती आणि पोर तिच्या आत गप्प उभी होती. मग आवाज झाला, ठप्प. मग बऱ्याच वेळाने पुन्हा, ठप्प. तेव्हापासून त्यांनी कोटाकडे बघायचं सोडलं.

संपल्यावर सृष्टी धावत बाहेर आली. केस चिकटलेले, गाल लाल. "आजी! झालं! सिलेक्शन झालं!" आणि मागून नीरज सर. निवडलेल्यांत शेवटून दुसरी जागा, पण जागा ती जागा. जयदीपने लेकीला उचलायचा प्रयत्न केला आणि कोटाच्या ताठपणामुळे तो फसला. क्षिप्रा नाचत होती. वृंदा रडत होती आणि रडत नाही असं सांगत होती.

गिरिजाबाईंनी सृष्टीच्या कॉलरवरचा एक धागा झटकला. "उभं राहायला बरं जमलं तुला," त्या म्हणाल्या. घरात कोणाला एवढं मोठं कौतुक त्यांच्याकडून आजवर मिळालं नव्हतं.

"माताजी, कॅम्प गर्मियों में है," नीरज सर चाचरत म्हणाले. झाल्या प्रकारानंतर कोट हा शब्द उच्चारायची त्यांना भीती वाटत होती. "इस उमर में बच्चे... तब तक ये थोडी बढ जाएगी. तो ये कोट शायद..."

जयदीपचे हात पँटीकडे निघाले होते, ते वाटेतच थांबले.

गिरिजाबाईंनी नातीला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. आत्ताच, या चार तासांतच ती वाढली की काय, असं बघितलं.

"बढने दो," त्या म्हणाल्या. आणि मग सरांसाठी नव्हे, स्वतःलाच ऐकू जाईल अशा आवाजात, "वाढू दे."